एक ठोका टाकायचा आणि थांबायचं

दोन ठोके आले, यारीवाल्याने इंजिन सुरू करून ओढलं, खाली काहीतरी धप्पकन बसलं, आणि त्यानंतर ठोके आलेच नाहीत.

विहिरीत तेव्हा दोघे होते. माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ. बाकीचे गडी जेवायला वर आले होते आणि हे दोघे तळाचा गाळ काढायला मागे राहिले होते. पूर्वेच्या अंगाचा मुरूम सुटून खाली गेला. अर्धा तळ बुजला. यारी म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायचं यंत्र. तिची लोखंडी डोल खाली मलब्यात गाडली गेली, पण तिची तार वरपर्यंत ताणलेली होती. त्या तारेवरून ठोके येत होते. दोन, मग दोन, मग पुन्हा दोन.

आमच्या कामात दोन ठोके म्हणजे ओढा. तीन म्हणजे थांबा. यारीवाला बारा वर्षं दोन ठोक्यांवर ओढत आला होता. त्याने ओढलं. डोलीवर टेकलेला मोठा दगड उलटला आणि तार ढिली होऊन वर आली.

मी आणि माझी लेक भाकऱ्या घेऊन नुकत्याच काठावर पोचलो होतो. लेक ओरडली होती, "ओढू नका! तो इशारा न्हाई, जिवंत हायेत म्हणून वाजवतायत!" पण इंजिनाच्या आवाजात तिचं कुणाला ऐकू गेलं नाही.

मग सगळेच ओरडायला लागले. बाया ऊर बडवायला लागल्या. मी मात्र रडले नाही. मला रडायला वेळ लागतो. मी खाली बघत उभी राहिले. ऊन इतकं होतं की विहिरीचा तळ हलल्यासारखा दिसत होता. त्या उन्हात मला एकच गोष्ट आठवत होती. लेक म्हणाली होती, समुद्राखालच्या लढाईत पहिलं काम म्हणजे आपलं इंजिन बंद करणं.

ही समुद्राची गोष्ट लातूरच्या विहिरीवर कशी आली ते सांगते.

आम्ही देवणीकडचे. जिल्हा नवा झाला तेव्हा लातुरात जिकडे तिकडे कामं निघाली. कचेऱ्या, साहेबांचे बंगले, कर्मचाऱ्यांच्या चाळी. इमारती उभ्या राहत होत्या आणि पाणी नव्हतं. पाऊस लागोपाठ हुकत होता. दगडाच्या भिंतींना मारायला पाणी टँकरने यायचं आणि त्याच टँकरमागे आम्ही घागरी घेऊन पळायचो. माझा नवरा विहिरी खोदणाऱ्यांचा मुकादम होता. अशा दिवसांत त्याला कामाची कमी नव्हती. गावाबाहेर नव्या चाळींसाठी विहीर घ्यायची होती, म्हणून आम्ही माळावरच पत्र्याचं घर टाकून राहिलो.

मी चौथी शिकलेली. लेक मात्र नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गेली. तिथे मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पास झाली आणि म्हणाली, पुढे शिकते. कुठे? दक्षिणेत, समुद्राकाठच्या गावात. काय? ती म्हणाली, पाण्याखालची लढाई. पाणबुडी कशी शोधायची, आपली कशी लपवायची, पाण्यातून आवाज कसा जातो.

माझा भाऊ त्या वेळी आमच्याकडेच कामाला होता. त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट सुरुंगात अर्धं गेलं होतं. ते अर्धं बोट नाचवत तो बोलायचा. भाचीला म्हणाला, "आगं बये, समुद्रात लई पाणी हाय म्हणं. येताना दोन घागरी घेऊन ये."

"मामा, ते खारं असतंय."

"मग कशाला जायचं? लढाई करायला? हितं टँकरवर रोज लढाई हाय की. तुझी माय तर सेनापती हाय तिथली."

नवरा हसला. त्याला लेकीचं कौतुक होतं, पण ती काय शिकते हे त्याला कधीच कळलं नाही. तो ओळखीच्याला सांगायचा, पोरगी बोटीचं शिकते. लोकांना वाटायचं बोटी बांधायचं.

मला वाटायचं ते मी सांगितलं. म्हटलं, "माणसं मारायचं शिक्षण हाय हे."

ती म्हणाली, "ऐकायचं शिक्षण हाय माय. पाण्यात दिसत न्हाई काही. सगळी लढाई कानाची."

त्या उन्हाळ्यात ती सुट्टीला आली ती पोतंभर वह्या घेऊन. परत गेल्यावर तिला मास्तरांपुढे उभं राहून सगळं बोलून दाखवायचं होतं. इंग्रजीत. पण आधी ती मला मराठीत सांगायची. म्हणायची, "माय, तुला कळलं म्हणजे मला कळलं." मी कामं करता करता ऐकायची आणि कळलं नाही की तोंडावर सांगायची. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

संध्याकाळी अंगणात चौघे बसायचो. समोर माळ, पलीकडे नव्या कचेरीचे बिनछताचे खांब. धुरळ्यात सूर्य लाल गोळा होऊन बराच वेळ लटकायचा. आणि लेक समुद्राचं सांगायची. वरचं पाणी उन्हाने तापतं, खाली गार राहतं, आणि दोन्हींच्या मधे एक थर असतो. वरून टाकलेला आवाज त्या थरापाशी वाकतो. त्याखाली पाणबुडी दडून बसली तर वरच्या बोटीला पत्ता लागत नाही. त्याहून खाली एक जागा अशी, की तिथे शिरलेला आवाज हजारो कोस जातो, विरतच नाही. समुद्र गप्प नसतो. देवमासे हुंकार देतात. एका जातीची कोळंबी चिमटा वाजवते, तिच्या लाखोंच्या थव्यात कान घातला तर तव्यावर लाह्या फुटल्यासारखं ऐकू येतं. त्या लाह्यांमधून शत्रूच्या बोटीचा पंखा ओळखायचा. किती पाती, एखादं पातं चिरलेलं आहे का, हेसुद्धा ऐकणाऱ्याला सांगता येतं.

मी म्हटलं, "त्यात काय. मी देवणीची एस.टी. आवाजावर ओळखते. तुझ्या बापाचा पहारीचा ठोका शंभरात ओळखते."

"ओळखतेस की ओळखल्यासारखं वाटतंय?"

"पंचवीस वर्षं ऐकतेय."

"आम्हाला तेच पहिल्यांदा शिकवतात माय. लई वेळ कान लावून बसलं की जे ऐकायचं असतंय तेच ऐकू येतंय. तिथं माणूस चुकतो."

मी म्हटलं, माझा कान चुकत नाही.

मला स्वप्नं पडत नाहीत, पण त्या उन्हाळ्यात पडायची. दुपारी पत्र्याखाली पाठ टेकली की माळावर पाणी चढायचं. आवाज न करता चढायचं. बिनछताच्या कचेरीतून मासे जायचे. टँकर तळाशी रुतलेला, त्याच्या चाकांना शेवाळ. घागरी उलट्या होऊन वर तरंगत चाललेल्या. आणि मी घराच्या उंबऱ्यावर बसून लाह्या ऐकत असे. जागी झाले की तोंडात माती. उठून पिंप बघायची, तळाला दोन तांबे पाणी.

लेकीने मला एकदा खरंच पाण्यात कान घालायला लावला होता. ती विष्णुपुरीला शिकत होती तेव्हा मी तिला भेटायला गेले होते. गोदावरीवर धरणाचं काम चाललं होतं. तिने मला घाटाखाली गळ्याइतक्या पाण्यात उभं केलं, डोकं आत घाल म्हणाली, आणि लांब जाऊन पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटले. तो आवाज माझ्या डोक्यातच झाला. कुठून आला ते सांगता येईना. डावीकडून नाही, उजवीकडून नाही. वर आले तेव्हा ती हसत होती. "बघ माय, पाण्यात आपले दोन कान एक होऊन जातात. दिशाच लागत न्हाई. म्हणून लांब लांब तीन-चार कान ठेवायचे. कुठल्या कानाला मोठं ऐकू आलं, कुठल्याला आधी आलं, त्यावरून जागा लागते."

आणि शेवटचं म्हणजे ठोका. नुसतं ऐकत बसून काही मिळालं नाही, तर आपण एक आवाज पाण्यात टाकायचा आणि तो कशावर आपटून परत येतो का याची वाट बघायची. ते समजावायला ती ताटावर चमच्याने एकदाच वाजवायची. मी चुलीपासून उलथन्याने तव्यावर एकदा वाजवायची. दोनदा वाजवलं की ती रागवायची. "एकच, माय. एक ठोका टाकायचा आणि थांबायचं. थांबणं हेच काम हाय." पंधरा दिवसांत घरात तशी सवयच लागली. तिला भाकरी पाहिजे असली की एक ठोका. माझ्याकडून एक ठोका, म्हणजे आणते.

नवरा या शिकवणीत बसल्या जागी घोरायचा. दिवसभर पहार मारलेली असायची. भाऊ जागा असायचा, पण भाग घ्यायचा नाही. लेक त्याच्या ताटावर वाजवून बघायची. तो उलट वाजवायचा नाही. म्हणायचा, "मी काय पाणबुडी हाय का? भाकर दे मुकाट्यानं." आणि तोंड फिरवून बिडी ओढायचा.

तर हे असं होतं. आता विहिरीवर परत येते.

मी यारीवाल्याजवळ गेले आणि म्हटलं, इंजिन बंद कर. तो ढिल्या तारेकडे बघत उभा होता, त्याला ऐकूच येत नव्हतं. लेकीने जाऊन बंद केलं. मग मी बायांकडे वळले. "रडायचं तर घरी जाऊन रडा. हितं कुणी तोंड उघडायचं न्हाई." टँकर शंभर पावलांवर उभा होता, त्याचंही इंजिन चालू होतं. ड्रायव्हर म्हणाला, बंद केलं तर पुन्हा लागत नाही. मी म्हटलं, मग आम्ही ढकलू. त्याने बंद केलं.

माळ एकदम गप्प झाला. तशी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. वर ऊन, चहूकडे पांढरा धुरळा, काठावर पन्नास माणसं डोळे मोठे करून उभी. जणू सगळे पाण्याखाली गेले होते.

तळाशी तिन्ही बाजूंना खडकात आडव्या कपारी खोदल्या होत्या. सकाळीच कुठूनतरी झऱ्याची ओल लागली होती, पण नक्की कुठून ते कळत नव्हतं, म्हणून तिन्हींकडे काम चालू होतं. मुरूम सुटला तेव्हा हे दोघे कुठल्या कपारीत शिरले ते वर कुणाला माहीत नव्हतं. तिन्हींची तोंडं बुजली होती. तिन्ही उकरायला दोन दिवस लागले असते. आणि मलब्याच्या मधून पाणी वर येऊ लागलं होतं. तपकिरी, बुडबुडे सोडत, हळूहळू. तीन वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा मला पाणी नको होतं.

लेक म्हणाली, "तीन पहारी द्या. आणि तीन माणसं. मी, माय आणि आणखी एक."

एक म्हातारा गडी आडवा आला. "बाईनं पाणी लागायच्या आत विहिरीत उतरायचं न्हाई वैनी. पाणी पळतं."

मी म्हटलं, "पळू दे. पळालं तर तुला साखर वाटीन."

दोराच्या शिडीने उतरलो. मी, लेक, आणि यारीवाला. त्याला मीच ये म्हटलं. वर विहिरीचं तोंड लहान होत गेलं, आकाश एका ताटाएवढं झालं. भिंतींना ओल होती. गार वाटलं. मला आठवतं, मला बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं. इतक्या महिन्यांनी अंगाला गारवा लागला होता.

तीन कपारींपुढे मलब्यात एकेक पहार खोल ठोकली. पहारीच्या वरच्या टोकाला कान लावायचा. लेकीने सांगितलं, मी आवाज टाकते, कुणी हलायचं नाही, श्वाससुद्धा हळू घ्यायचा.

यारीवाला कुजबुजला, "दोन वाजव, म्हणजे त्यास्नी कळंल."

"दोन न्हाई," लेक म्हणाली. "दोन म्हणजे ओढा. आत कुणी जिवंत असंल तर त्याला आता दोनाची भीती बसली असंल. म्हणून गप्प बसलेत. आपण पुन्हा ओढू म्हणून." तिने दगड उचलला आणि आपल्या पहारीवर मारला. एकदा.

आणि थांबली.

लोखंडाला कान लावला की आत एक वेगळंच जग असतं. मला माझं रक्त ऐकू येत होतं. पाणी झिरपत होतं ते लाह्या फुटल्यासारखं. खोलवर कुठेतरी खडा घसरत होता. मी डोळे मिटले. मला वाटलं मी गोदावरीत उभी आहे आणि डोकं पाण्यात आहे. मी विसापर्यंत मोजलं. काही नाही. लेकीने पुन्हा एक टाकला. पुन्हा वीस. काही नाही. पाणी घोट्यावर आलं. तिने तिसरा टाकला.

अठराला आला. एक. माझ्या कानात, दाढेत, डोळ्यांच्या मागे. एकच ठोका, आणि मग गप्प.

मी डोळे उघडले. लेक माझ्याकडे बघत होती. तिलाही आला होता, पण बारीक. यारीवाल्याला आला नव्हता. माझी पहार उत्तरेच्या कपारीवर होती.

"हा तुझ्या बापाचा," मी म्हटलं. "त्यांचाच ठोका हाय. मी ओळखते."

लेकीने वर बघून हात केला आणि गडी उतरायला लागले.

मोठे दगड ओढायचे नव्हते, हाताने उचलायचे होते. पाट्या शिडीपाशी हातोहात. आवाज होऊ नये म्हणून चिंध्या बांधलेल्या घागरींनी वर पाणी उपसत होते. सकाळी टँकरवर भांडणाऱ्या बाया तीच घागर उपसून माळावर ओतत होत्या. दर थोड्या वेळाने लेक हात वर करायची, सगळे थांबायचे, ती एक ठोका टाकायची. आतून एक यायचा. प्रत्येक वेळी मी मनात म्हणायची, हो, हाय. पहारीच्या टोकाला आधी जोर, मग किंचित घसरल्यासारखं. पंचवीस वर्षांची ओळख. एकदा मला हसूही आलं. हा माणूस शिकवणीत घोरायचा, आणि बघा, सगळं ऐकत होता.

सूर्य त्या ताटाच्या कडेवरून सरकून गेला. आकाश निळं, मग राखाडी झालं. पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. तेव्हा कपारीच्या तोंडाशी हाताएवढी फट पडली आणि फटीतून एक हात बाहेर आला. चिखलाने भरलेला, बोटं हलवणारा.

पहिलं बोट अर्धं होतं.

मी तो हात धरला. सोडला नाही. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दगड काढायला लागली.

भावाला बाहेर काढला तेव्हा त्याचा पाय मोडला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. पाणी पाजलं. मग तो म्हणाला, "आक्का, दोन वाजवलं त्ये दाजींनी. तारंवर वाजवलं. म्या म्हणलं नका वाजवू, वरचे ओढतील. ते म्हणले, ओढायलाच पायजे की." त्याने आणखी एक घोट घेतला. "मग धोंडा फिरला. दाजी तोंडाशीच होते. त्यानंतर म्या हाललोच न्हाई. आन् मग एकच ठोका आला. एकच. म्हणलं ही आपली पोरगी हाय."

मी विचारलं, "लगेच गेले का?"

"व्हय," तो म्हणाला. खरं होतं की नाही मला माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

म्हणजे दुपारभर मी ज्याचा ठोका म्हणून ओळखत होते, त्याचा तो नव्हताच. नवरा आम्ही खाली उतरायच्या आधीच गेला होता.

यारीवाला तेराव्याला आला आणि अंगणात मान खाली घालून बसला. मी चहा ठेवला. तो म्हणाला, वैनी, दोन ठोके आले म्हणून. मी म्हटलं, हो. दोन म्हणजे ओढा. तू ओढलंस. चहा घे.

लेक सुट्टी संपल्यावर परत गेली. जाऊ नको असं मी म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. तिने मास्तरांपुढे उभं राहून सगळं इंग्रजीत सांगितलं आणि पास झाली. पुढे तीस वर्षं ती तेच काम करत होती. समुद्रावर की जमिनीवर ते सांगायला तिला परवानगी नव्हती आणि मी विचारलं नाही. विहिरीला पाणी भरपूर लागलं. चाळीतली माणसं अजून तेच पितात. मी एकदा प्यायले. पाण्यासारखं पाणी.

भाऊ लंगडत चालायचा, पण चालायचा. म्हातारपणी माझ्याकडेच राहिला. ताटात भाकर संपली की अर्ध्या बोटाने ताटावर एकदा वाजवायचा आणि थांबायचा. मी वाढायची.

त्या दिवशी विहिरीत दोघे होते. माझा भाऊ जगला.